शत्रू कुणी काढायचा?

(युवक मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून दिलंय. दोन-चार शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



मला सांगितलं होतं, कवितेवर बोल. कवितेवर मी बोलणार नाही. कविता छापली की वाचा, पटली नाही तर फाडा. मी आज गेमवर बोलणार आहे. पोरं रात्ररात्र मोबाईलवर बोटं झिजवतात, त्या गेमवर. पुढं बसलेले दोघंतिघं हसतायत. हसा. मी पण हसलो होतो.

झालं असं. आमच्या वस्तीतले चार जण गेम बनवतायत. तीन पोरं, एक पोरगी. एक जण फोनवर बघून बघून कोड लिहायला शिकलाय. दुसरा चित्रं काढतो. तिसरा डबे बडवून आवाज भरतो. पोरगी सगळा हिशेब बघते. कुणाला जीव किती, कुठल्या घावाला किती कमी. चौघांत मिळून एक जुना कॉम्प्युटर. विहाराच्या मागच्या खोलीत रात्री नऊनंतर बसतात. हिरो तयार होता. पत्र्यांवरून पळणारा, गटारावरून उडी मारणारा, हातात आमच्या गोदीतल्यासारखा हूक. मग माझ्याकडं आले. म्हणाले, दादा, तू कवी आहेस. शत्रू कसा पायजे ते लिहून दे.

चित्रवाल्यानं एक काढूनच आणला होता. काळाकुट्ट. जाड ओठ, पसरट नाक, राठ केस, दात बाहेर, डोळे लाल. मी कागद हातात घेतला. दात आणि डोळे बोटांनी झाकले. म्हटलं, आता बघ. हा कोण?

पोरगा बघत राहिला. त्याचा बाप माझ्याच टोळीत आहे. रोज सकाळी माझ्या शेजारी उभा राहून लोखंडाला स्लिंग घालतो.

पोरगा काय बोलला नाही. खोडरबर घेतलं आणि खोडून टाकलं. कागद कोरा झाला. त्या कोऱ्या कागदावर मला आज बोलायचंय.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं की शत्रू काळा काढ. हाताला सवय लागली होती. कॅलेंडरवरचा राक्षस, जत्रेतल्या पडद्यावरचा राक्षस, टीव्हीवरचा राक्षस. 1987-88 सालचं रामायण दूरदर्शननं 2020 च्या टाळेबंदीत पुन्हा दाखवलं. बाहेर कामधंदा बंद, आत राक्षसांचे ढीग पडतायत. पोरगं काय शिकलं? देव कसा दिसतो आणि मरायला कोण येतं, हे शिकलं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं 2020 साली ‘राजी’ नावाचा गेम काढला. काम देखणं आहे, मी वाकडं बोलणार नाही. हिरो एक पोरगी आहे. सर्कशीत खेळ करणारी, भावाला सोडवायला निघालेली. पोरीला हिरो करणारे आपल्यात तरी किती आहेत? पण तिच्या पाठीशी कोण? दुर्गा आणि विष्णू. समोर कोण? असुर. आणि सगळ्यात मोठ्या शत्रूचं नाव महाबलासुर.

महाबल. बळी. कानाला काय ऐकू येतं बघा. आपल्या आज्या दिवाळीला अजून म्हणतात, इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो. कुणबी ज्याचं राज्य परत मागतो तोच पुराणात असुर. ज्यानं त्याला फसवून पाताळात घातला तो अवतार. जोतिबांनी 1873 साली ‘गुलामगिरी’त हेच तर उलटं करून दाखवलं. असुर म्हणजे इथले, हरलेले, ज्यांचं चित्र जिंकणाऱ्यानं काढलं ते. गेम बनवणाऱ्यांच्या मनात बळी होता असं मी म्हणत नाही. मनात नसताना हाताला येतो, हीच तर भानगड आहे.

आणि असुर ही काय नुसती पोथीतली जात नाही. झारखंडात असुर नावाची आदिवासी जमात आहे. दगड वितळवून लोखंड गाळणारी माणसं. सरकारच्या अनुसूचित जमातींच्या यादीत त्यांचं नाव आहे. त्यांच्यातले काही जण महिषासुराला आपला पूर्वज मानतात, आणि सगळा देश दुर्गेपुढं ढोल बडवतो तेव्हा दुखवटा पाळतात. कित्येकांचं आडनावच असुर आहे. त्यांच्या पोराच्या हातात असला गेम द्या. पहिल्या लेव्हलला त्यानं कुणाला मारायचं? स्वतःच्या आडनावाला.

हे एकट्या आपल्या देशात घडत नाही. जपानच्या कॅपकॉमनं 2009 साली ‘रेसिडेंट इव्हिल 5’ काढला. आफ्रिकेतला एक काल्पनिक मुलूख. गोरा अमेरिकन हिरो. आणि अंगावर येणारी काळ्या माणसांची झुंड, रोगानं पिसाळलेली. पिसाळलेली, म्हणून गोळी घालायला मोकळीक. 2007 साली नुसती झलक दाखवली तेव्हाच बोंब उठली. एका काळ्या अमेरिकन पत्रकारानं विचारलं की असल्या चित्रांमागं कुठला इतिहास उभा आहे, हे बनवताना कुणालाच दिसलं नाही? 1972 साली आपल्या पोरांनी पँथर हे नाव कुणाकडून घेतलं, ते या सभेत सांगायला नको. त्या पत्रकाराचा प्रश्न आपलाच प्रश्न आहे.

शत्रू बनवणं म्हणजे काय, तर कुणाला मारलं की वाईट वाटायचं नाही, हे आधी ठरवणं. बाकी रंगरंगोटी नंतर.

आता माझी लाज सांगतो. कोरा कागद माझ्यापुढं आला तेव्हा मला वाटलं, सोपं आहे. आजवर त्यांनी आम्हाला काढलं, आता आम्ही त्यांना काढू. मी लिहून दिलं: शेंडी, जानवं, सुटलेलं पोट, हातात पोथी, पोथीतून आग. पोरांनी दोन रात्रीत बनवला. आम्ही खेळलो. हूक फेकून मारला, शेंडी धरून आपटला. दहा मिनिटं लय मजा आली. मग तो मेला. पडद्यावर अक्षरं आली, तुम्ही जिंकलात.

सगळे गप्प. हिशेबवाली पोरगी म्हणाली, दादा, हा मेला म्हणजे जात गेली ना? मग उद्या मी खोली बघायला जाते. बघू कोण आडनाव विचारतो ते.

च्यायला, माझं तोंड बंद झालं. कारण माझ्या कवितेतला शत्रू पण असाच पुठ्ठ्याचा होता. मी त्याला स्टेजवर पाडायचो, तुम्ही टाळ्या वाजवायचात, आपण सगळे लोकल पकडून घरी. पुठ्ठा पुढच्या सभेत परत उभा.

मग मी बसलो आणि शिकलो. मॅट्रिकला जेवढा अभ्यास केला नाही तेवढा केला. जुने गेम बघितले.

1978 साली जपानात निशिकादो नावाच्या माणसानं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवला. माणसं मारायची नाहीत असं ठरलं, म्हणून त्यानं परक्या ग्रहावरचे प्राणी काढले. आकार घेतले समुद्रातले. ऑक्टोपस, खेकडा, माकूल. पाच रांगा, एका रांगेत अकरा, एकूण 55. आता गंमत बघा. खालच्या दोन रांगांतला मारला तर 10 गुण. मधल्या दोन रांगांतला, 20. सगळ्यात वरच्याला 30. खालचे गोळीसमोर, म्हणून आधी मरणार, आणि त्यांची किंमत सगळ्यात कमी. बाबासाहेब जिला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती जपानच्या माणसानं न वाचता पडद्यावर रांगेत उभी केली.

त्याच गेममध्ये दुसरी गोष्ट. प्राणी जसे मरत जातात तसे उरलेले जोरात पळायला लागतात. कुणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. त्या वेळची चिप, 55 जणांना हलवताना दमायची. माणसं कमी झाली की भार कमी, वेग जास्त. निशिकादोनं बघितलं, आवडलं, तसंच ठेवलं. गोदीतल्या माणसाला हे समजावून सांगायला लागत नाही. टोळीतले चार कमी केले की उरलेल्यांचा वेग आपोआप वाढतो. कुणी मुद्दाम करत नाही म्हणतात. तसंच ठेवतात फक्त.

पुढं 1980 साली इवातानी या माणसानं ‘पॅक-मॅन’ बनवला. चार रंगांची चार भुतं. मधोमध त्यांचं घर. आणि बाहेर गल्ल्यांत पळणारा पाचवा, ज्याला त्या घरात जागा नाही. मला चार वर्ण आणि गावकुसाबाहेरचा आठवला. इवातानीला नसणार आठवला, त्याचं गाव वेगळं. पण शिकायची गोष्ट पुढंच आहे. खेळणाऱ्याला वाटतं चारही भुतं कट करून घेरतायत. कट बिट काही नाही. प्रत्येकाला एकेक नियम दिलाय. लाल भूत सरळ पाठलाग करतं. गुलाबी तुमच्या तोंडापुढची चार घरं धरतं आणि वाट अडवतं. निळं लालच्या जागेवरून स्वतःची जागा ठरवतं. आणि नारिंगी? ते लांब असलं की तुमच्याकडं धावत येतं, आणि आठ घरांच्या आत आलं की वळून आपला कोपरा गाठतं. आपले पुरोगामी मित्र! भाषणात आपल्याकडं धावत येतात. पोरीच्या लग्नाचं विचारा, आठ घरांवरून वळतात.

तर कट नाही, आणि तरी आपण घेरलेले. प्रत्येक जण आपापला छोटा नियम पाळतोय. घरमालक म्हणतो, माझं काही नाही, सोसायटीला चालत नाही. सोसायटी म्हणते, आमचं काही नाही, जेवणाखाण्याचा प्रश्न आहे. शेंडीवाला एक सापडत नाही, आणि खोली मिळत नाही.

1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी भाषण लिहिलं. मंडळानं ते होऊ दिलं नाही, म्हणून त्यांनी ते छापलं. त्यात ते जातीला राक्षस म्हणतात, कुठल्याही वाटेनं निघा, तो आडवा येणारच, त्याला मारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. पण त्याच भाषणात तेच बाबासाहेब सांगतात की जात ही काय दगडाविटांची भिंत नाही, ती डोक्यात बसलेली गोष्ट आहे. बघा, शत्रू कसा काढायचा याचा सगळा पेच तिथं आहे. राक्षस आहे, पण त्याला अंग नाही. मग हूक मारायचा कुठं?

अमेरिकेतल्यांनी 2014 साली ‘शॅडो ऑफ मॉर्डर’ नावाचा गेम काढला. त्यात शत्रूच्या फौजेतला साधा शिपाई तुम्हाला मारतो, तेव्हा त्याला बढती मिळते. नाव मिळतं, पद मिळतं. पुढच्या वेळी भेटला की तुम्हाला ओळखतो, हिणवतो. या युक्तीचं त्यांनी पेटंट काढलं, 2021 साली मंजूर झालं. आपल्याला मारणाऱ्याला बढती, याचं पेटंट! आपल्याकडं हजारो वर्षं विनापेटंट चाललंय.

आणखी एक नियम या धंद्यात सगळे पाळतात. शत्रूनं घाव घालायच्या आधी खूण द्यायची. हात मागं घेतो, डोळा चमकतो, गुरगुरतो. म्हणजे खेळणाऱ्याला उडी मारायला वेळ मिळतो. खूण न देता मारलं तर खेळणारा म्हणतो, हा अन्याय आहे, आणि गेम फेकून देतो.

मग मी पोरांना गटाराची गोष्ट सांगितली. आमच्या ओळखीतला एक जण मॅनहोलमध्ये उतरला आणि वर आला नाही. जागा सांगत नाही, ठेकेदाराचं नाव सांगत नाही, नाव सांगितलं की परत पुठ्ठा उभा राहतो. गटारात जो गॅस असतो, हायड्रोजन सल्फाईड, तो थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. ती खूण. जास्त झाला की नाकच मारतो. वास येईनासा होतो. आतल्या माणसाला वाटतं, गेला वाटतं गॅस. आणि तेव्हाच तो मरतो. हा शत्रू आधी तुमची खूण काढून घेतो, मग तुम्हाला.

पण गॅस तरी शत्रू आहे का? गॅसला जात नाही. गॅसपर्यंत उतरायची शिडी कुणाच्या पायाखाली येते, त्याला जात आहे. 1993 साली कायदा झाला, 2013 साली पुन्हा झाला. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं गुन्हा आहे. 2014 साली सुप्रीम कोर्टानं मेलेल्याच्या घरी 10 लाख द्यायला सांगितले, 2023 साली ते 30 लाख केले. कोर्टानं दिलं ते बरंच केलं. पण मला त्या रांगा आठवल्या. 10 गुण, 30 गुण. खालच्या रांगेतलाच मरतोय, फक्त गुण वाढवलेत.

सांगून झालं. मी म्हटलं, मला शत्रू लिहिता येत नाही. मग त्या चौघांनी बनवला. कसा, ते सांगतो. तुमच्यातही कोडवाले असतील, चोरा आणि बनवा, पेटंट नाही.

त्यांनी राक्षस काढलाच नाही. त्यांनी शिडी काढली. उंच, वर टोक दिसत नाही. प्रत्येक पायरीवर माणूस उभा. तुम्ही पण एका पायरीवर. सगळ्यात खालच्या पायरीवर नाही, हे लक्षात घ्या. तुमच्याखाली अजून कुणीतरी आहे. खालच्याच्या हातावर पाय दिला की तुमचा जीव वाढतो, पटकन वर चढता येतं. पहिल्या पाच मिनिटांत सगळे तेच करतात. मीही केलं. कोपऱ्यात एक काळी पट्टी वाढत जाते. ती कसली, हे कुणी सांगत नाही. ती शत्रूचा जीव आहे. शत्रूला स्वतःचा जीवच नाही. कुणीही कुणाच्याही हातावर पाय दिला की त्याचं पोट भरतं. आणि पट्टी भरली की तो येतो. त्याला तोंड नसतं. त्या क्षणी जो खेळतोय त्याचं तोंड तो लावतो.

मी खेळत होतो. हूकवाल्या हिरोसमोर हूकवाला हिरोच आला. हसून त्यानं विचारलं, पूर्ण नाव काय?

मारून बघितला. मरत नाही. घाव घातला की पट्टी वाढते.

मग पोरगी म्हणाली, दादा, खाली बघ. खाली हात दे. खालच्या पायरीवरच्या माणसाला ओढून आपल्या शेजारी घेतला की पट्टी उतरते. पायरी दोघांच्या वजनानं तुटते. धडाधड पडता तुम्ही. भीती वाटते, वाटतं हरलो. पण शिडीची एक पायरी कमी झालेली असते. गेम कधी संपतो? शिडी उरत नाही तेव्हा. तो एकट्याला जिंकता येत नाही. तशी सोयच ठेवली नाही तिनं हिशेबात.

मी विचारलं, तुझ्या हिशेबात पोरी कुठं आहेत? म्हणाली, प्रत्येक पायरीवरच्या माणसाच्या खाली अर्धी पायरी आहे, तुला दिसली नाही. तुझ्या हिरोनं पहिला पाय तिथंच दिला.

दोस्तांनो, ही पोरगी कविता लिहीत नाही. बरंय.

आता तुम्ही म्हणाल, मग काय शत्रू नाहीच? गावात बाईची धिंड काढणारा शत्रू नाही? वरातीतल्या घोड्यावरून पोराला ओढणारा नाही? आहे. त्याचं नाव आहे, त्याच्यावर कलम लावा, कोर्टात खेचा, आणि तिथवर पोचेपर्यंत एकमेकांच्या दारात पहारा द्या. त्याला मी सोडा म्हणत नाही. मी एवढंच म्हणतोय की तो रांगेतला आहे, रांग नाही. त्याला पाडून रांग उभी राहिली तर आपण गुण मिळवले, गेम नाही जिंकला. आणि आपल्यातला जो गटारात उतरणाऱ्याच्या घरचं पाणी पीत नाही, जो ‘ते त्यातले, आपण यातले’ म्हणतो, त्याच्या पायाखाली कुणाचा हात आहे हे त्याला आजच्या आज विचारायला पायजे. मी आधी मला विचारलंय. उत्तर बरं नव्हतं.

मराठीत काढणं या शब्दाचे दोन अर्थ आहेत. चित्र काढतो तसं काढणं. आणि काटा काढतो तसं काढणं. आजवर त्यांनी आम्हाला पहिल्या अर्थानं काढलं, म्हणून दुसऱ्या अर्थानं काढायला त्यांचा हात मोकळा झाला. आता पेन्सिल आपल्या पोरांच्या हातात आलीय. पहिल्याच कागदावर पोरानं बाप काढला होता. खोडला, हे महत्त्वाचं. खोडताना हात थरथरला, ते मी बघितलंय.

तो कागद माझ्याकडं आहे. कोरा आहे, पण तिरपा धरला तर खोडलेल्या रेघा दिसतात. मेळावा संपला की या, दाखवतो. ज्याला त्या रेघांत ओळखीचं कुणी दिसेल, त्यानं उद्या रात्री नऊ वाजता विहाराच्या मागच्या खोलीत यायचं. कॉम्प्युटर एकच आहे. हात जास्त पायजेत.

जयभीम.